आठव्या ठिकाणचा आकडा

ओरुरो,
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय डॉन सेनोन,

फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी इकडून घसा फोडून माझं नाव सांगत होते आणि तुम्ही तिकडून "चुकीचा नंबर लागलाय, बाई" म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पाकीट तुपिसाच्या बसवाल्याकडे देते आहे. तो म्हणाला, म्हातारबाबा गुरुवारी बाजाराला येतात तेव्हा हातात देईन.

मी मागाली कोल्के. तुमच्या हाताखाली पोओपो तळ्यावर पदवीचा प्रबंध केला होता ती. दहा वर्षं झाली, विसरला असाल तर रागावणार नाही. तळंच उरलं नाही, तिथे मी कशी लक्षात राहणार.

मी अजून विद्यापीठातच आहे, तासिका तत्त्वावर. पहिल्या वर्षाच्या मुलांना पाण्यातले क्षार मोजायला शिकवते आणि दर फेब्रुवारीत यंदा पुन्हा घेतात की नाही याची वाट बघते. पीएचडी नाही म्हणून कायम करत नाहीत, आणि कायम नाही म्हणून पीएचडीला रजा देत नाहीत. आई म्हणते, असं आपोआप होत नाही, हे कोणीतरी नीट बसून ठरवलेलं असणार.

तीन वर्षं मी बाहेरच्या पगारी पीएचडीच्या जागा शोधते आहे. आधी जाहिरात शोधायची. मग तिथल्या प्राध्यापकाला लिहायचं की मी अमुक, माझं काम तमुक, आपल्याकडे मला जागा होईल का. अशी साठ पत्रं लिहिली. नऊ जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या पाचांनी माझं नाव चुकवून. अर्ज अकरा केले आणि अकराही परत आले. आता तर नकाराची ईमेल पहिल्या ओळीवरूनच ओळखू येते. ज्यात आधी आभार मानतात ती नकाराची.

हा बारावा. उत्तरेकडच्या एका देशात, आटलेल्या खाऱ्या तळ्यांवरच काम आहे, चार वर्षं पगार. जाहिरात वाचली तेव्हा वाटलं, माझ्याकडे बघून लिहिली आहे. आणि तिथल्या प्राध्यापिकेने स्वतः उत्तर दिलं: "तुमच्याकडे तळ्याच्या शेवटच्या भरल्या वर्षाची मापनं आहेत हे खरं का? जरूर अर्ज करा." हे मी आईला चार वेळा वाचून दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी चारही वेळा ती रडली.

पुढच्या मे महिन्यात मला पस्तीस पूर्ण होतील. बहुतेक ठिकाणी पस्तिशीनंतर दार बंद. म्हणजे माझ्याकडे हेच एक वर्ष आहे, डॉन सेनोन.

त्यांना प्रबंधाच्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र हवंच आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून मसुदा सोबत ठेवला आहे, तुम्ही फक्त सही करा. इथे सगळे तसंच करतात. आमचे विभागप्रमुख लिसेन्सियादो उगार्ते म्हणाले, "तू लिही गं, मी सही मारतो, फक्त बुधवारी ये." स्वतःबद्दल चांगलं लिहायला मी दोन तास बसले आणि 'वक्तशीर' आणि 'जबाबदार' यापलीकडे जाता येईना. आईने विचारलं काय लिहिलंस, मी सांगितलं, तर म्हणाली, हे तर घरकामाच्या बाईबद्दल लिहितात.

तुमची विद्यार्थिनी,
मागाली

तुपिसा,
२१ सप्टेंबर

मागाली,

विसरलो असेन म्हणे! माझे कान गेलेत, पोरी, डोकं जागेवर आहे. तू डावखुरी. प्रयोगशाळेत चार नंबरच्या टेबलाशी बसायचीस आणि ब्युरेट वाचताना जीभ बाहेर काढायचीस.

तुझा मसुदा परत पाठवतो आहे, चार तुकड्यांत. चाळीस वर्षं शिकवलं, पण दुसऱ्याच्या मजकुराखाली सेनोन आरामायोने एकदाही सही केलेली नाही. टाइप केलेले कागद घेऊन किती जण आले म्हणून सांगू. कोणी केक घेऊन, कोणी अख्खं कोकरू घेऊन, एक तर आईलाच घेऊन आला. सगळ्यांना दारातून वाटेला लावलं. माझं पत्र मी स्वतः लिहितो, आणि ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे त्याच्यासाठीच लिहितो. तुझ्याबद्दल आहे.

वक्तशीर! आपल्याकडची बस वक्तशीर नसते, तेव्हा बसपेक्षा तू बरी एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी बेल्जियममध्ये दोन वर्षं काढली आहेत, बहात्तर ते चौऱ्याहत्तर. मला ती माणसं ठाऊक आहेत. गोडगोड लिहिलेलं त्यांच्या पुढ्यात ठेवलं की ती जांभई देतात. त्यांना खरा माणूस दाखवावा लागतो. कसं पाठवायचं तेवढं सांग. सोबत तामालेस आहेत, आईला दे. गार खाऊ नका.

सेनोन आरामायो

ओरुरो,
५ ऑक्टोबर

आदरणीय डॉन सेनोन,

तामालेस गार खाल्ले. बस सहा तास उशिरा आली, मग गरम करायला धीर कुणाला होता!

तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत रडले आणि पोरांना सांगितलं की अमोनियाची बाटली उघडी राहिली. मला वाटत होतं तुम्ही कंटाळून सही कराल. तुम्ही लिहिणार आहात! आता मला खरंच आशा वाटायला लागली आहे, आणि त्याचीच भीती वाटते. अकरा वेळा मी आशा न ठेवता अर्ज केला, निदान तसं म्हणत तरी होते.

पद्धत अशी. पत्र तुम्ही माझ्याकडे द्यायचं नाही, मला दाखवायचंही नाही. तुमच्या ईमेलवर त्या विद्यापीठाकडून एक लिंक येईल. तुमच्या घराजवळ दोन्या कासिल्दाबाईंचं इंटरनेटचं दुकान आहे असं बसवाला म्हणाला, तिथे जाऊन ती उघडायची आणि पत्र चढवायचं. लिंक उघडली की अर्ध्या तासात बंद होते, तेव्हा मध्येच कोकाचा काढा प्यायला उठू नका. शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. शिक्का, मुद्रांक, नोटरी यातलं काही लागत नाही. मला माहीत आहे तुमचा विश्वास बसणार नाही, पण खरंच लागत नाही.

मागाली

तुपिसा,
२४ ऑक्टोबर

मागाली पोरी,

गेलं तुझं पत्र. कासिल्दा म्हणते, पडद्यावर हिरवी खूण आली म्हणजे पोचलं. मी तिला ती खूण छापून द्यायला लावली आणि त्यावर माझा शिक्का मारून ठेवला आहे. शिक्का लागत नाही म्हणे. उद्या म्हणतील रसायनशास्त्राला पाणी लागत नाही.

अकरा दिवस लिहीत होतो. इंग्रजी माझं जुनं आहे, शब्दकोश त्याहून जुना. दोन पानं झाली. काय लिहिलं ते विचारू नकोस, तूच म्हणालीस की दाखवायचं नाही. एवढंच सांगतो, कुणाबद्दलही मी याहून चांगलं लिहिलेलं नाही. ते वाचून जो तुला घेणार नाही तो तुझ्या कामाचा नाही.

आता निवांत झोप.

सेनोन

ओरुरो,
१४ डिसेंबर

आदरणीय डॉन सेनोन,

मुलाखतीला बोलावलं होतं. दोनशे अर्जांतून पाच जणांना, म्हणजे आपण बरेच वर पोचलो होतो. मी सकाळी सहाला विभागात जाऊन बसले, कारण घरचं इंटरनेट आईच्या मिक्सरसारखं आहे, मनात आलं तर चालतं. तिघं जण होते. ती प्राध्यापिका, जिने मला लिहिलं होतं, छान हसत होती.

घेतलं नाही. दुसऱ्या कोणाला घेतलं. त्याचे छापून आलेले लेख जास्त होते असं दिसतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

एक विचारायचं होतं. तुम्ही पत्रात मे महिन्यातल्या त्या रास्ता रोकोबद्दल काही लिहिलं होतं का? आठव्या ठिकाणाबद्दल त्यांनी विचारलं, म्हणून म्हटलं. जे झालं ते मी सांगितलं. सहजच विचारते आहे.

आई ठीक आहे. बाजारात तिचा मक्याच्या गरम आपीचा गाडा आता पहाटे चारऐवजी पाचला लागतो, गुडघ्यांमुळे. नाताळच्या शुभेच्छा.

मागाली

तुपिसा,
६ जानेवारी २०२५

मागाली,

म्हणजे त्यांनी नीट वाचलं! सांगितलं नव्हतं तुला, मला ती माणसं ठाऊक आहेत म्हणून? दोन पानांतून नेमकं तेच उचललं त्यांनी. हरलीस तर हरलीस, पण तुझं सगळ्यांत मोठं काम काय ते कळून घेऊन मग हरवलं, यात कमीपणा नाही. त्या दुसऱ्याचे लेख जास्त असतील, बरं.

आता जागा गेलीच आहे तर पत्र दाखवायला हरकत नसावी. नक्कल सोबत आहे. तुझ्या आईला वाचून दाखवता यावं म्हणून मधला परिच्छेद आपल्या भाषेत उतरवतो:

"मे २०१३ मध्ये या मुलीने आपल्या तक्त्यात एक असा आकडा भरला जो तिने मोजलेला नव्हता. रास्ता रोकोमुळे तिला तळ्यावर पाण्याचे नमुने घ्यायच्या आठव्या ठिकाणी पोचता आलं नाही, म्हणून तिने शेजारच्या दोन ठिकाणांची सरासरी काढून तिथे लिहिली. मला ते समजलं नाही आणि कधी समजलंही नसतं. तीन आठवड्यांनी ती आपणहून माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि खोटं लिहिल्याचं तिने सांगितलं. मी तिला अख्ख्या वर्षाची मापनं टाकून द्यायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं. तिने वाद घातला नाही. त्या दुसऱ्या वर्षाची मापनं ही त्या तळ्याची शेवटची पूर्ण नोंद ठरली. चाळीस वर्षांत हजारो विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले. खोटे आकडे त्यांतल्या पुष्कळांनी लिहिले असतील. सांगायला आली ती ही एकटीच."

वाचलंस? आता पुढची जागा शोध. पत्र तयार आहे, एक अक्षर बदलायचं नाही. लिंक पाठव.

सेनोन

ओरुरो,
३ फेब्रुवारी

आदरणीय डॉन सेनोन,

पत्र वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असं कोणी माझ्या मुलीबद्दल लिहील असं वाटलं नव्हतं. नक्कल तिने कोपाकाबानाच्या माउलीच्या तसबिरीमागे ठेवली आहे.

मी पुष्कळ लिहायला बसले होते, पण आभार मानते एवढंच लिहिते.

अजून एक जागा निघाली आहे. वेगळा देश, काम जवळपास तेच. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी, म्हणजे नेमका कार्निव्हलचा आठवडा. सगळं शहर रस्त्यावर नाचत असेल आणि मी अर्ज भरत असेन. मेआधीची ही शेवटची आहे, मी सगळीकडे शोधलं. यानंतर काही नाही.

लिंक येईल तुम्हाला. पंचवीस तारखेच्या सुमारास.

मागाली

तुपिसा,
७ मार्च

मागाली,

लिंक आली नाही.

पंचवीसला गेलो. सव्वीसला गेलो. सत्तावीसला कासिल्दा दुकान बंद करून कार्निव्हलला निघाली होती, तिला शालीचा पदर धरून परत आणली. "बाबा, तुमचं प्रेमपत्र यायचंय का?" म्हणाली. मी म्हटलं, हसू नकोस, एका मुलीचं आयुष्य अडकलंय यात. मग ती बसली बिचारी. अठ्ठावीसला सकाळी आठपासून बसलो ते रात्रीच्या बारा ठोक्यांपर्यंत. बाहेर पोरं पाण्याचे फुगे मारत होती. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो आणि ती पुन्हा बघायची. ते कचऱ्याचं खातं असतं तेही बघितलं. काही नाही.

कुठे चुकलो ते कळत नाही. मागच्या वेळी मी त्या खात्यात काहीतरी भलतंच दाबलं असणार. कासिल्दा म्हणते नाही, पण ती माझी समजूत घालते. तुझी शेवटची संधी होती आणि माझ्याकडून गेली. आठवडाभर जेवण गोड लागलेलं नाही.

मी असं ठरवलं आहे, जाहिरात कासिल्दाने शोधून छापून दिली आहे. त्यावर त्यांच्या कार्यालयाचा पत्ता आहे. लिंक नसली तर नसली, मी पत्र थेट त्यांना पाठवतो, माफी मागून, चूक माझी आहे असं सांगून. येत्या गुरुवारी टपालात टाकतो.

सेनोन

ओरुरो,
१० मार्च

डॉन सेनोन,

हे पाकीट मी ड्रायव्हरच्या हातात देते आहे आणि त्याला विनवलं आहे की तुमच्या घरी नेऊन दे, गुरुवारची वाट बघू नकोस.

कृपा करून त्यांना काही पाठवू नका. काहीच पाठवू नका. तिथे दोनच पत्रं लागत होती, ती मिळाली आहेत. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. जेवा नीट.

मागाली

तुपिसा,
३० मार्च

मागाली,

पाठवलं नाही. तू म्हणालीस म्हणून.

पण तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. छापलेली जाहिरात माझ्यासमोर आहे. त्यात तीन पत्रं लिहिलं आहे, आणि त्यातलं एक प्रबंधाच्या मार्गदर्शकाचं. माझी चूक झाकायला तू हे करते आहेस. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. मी तुझ्या आईलाच बसने पत्र पाठवणार होतो, की बाई, तुमच्या मुलीचं नुकसान एका बहिऱ्या माणसाने केलं, त्याला दोन दारं ओलांडून एक ईमेल उघडता आली नाही. लिहिलं आणि फाडलं. तोंड नाही मला.

निकाल काय तो कळव. मी रोज बसस्टँडवर जातो आता.

सेनोन

ओरुरो,
२२ मे

डॉन सेनोन,

मी दोन महिने उत्तर दिलं नाही. निकाल एप्रिलमध्येच लागला. घेतलं नाही. परवा मला पस्तीस पूर्ण झाली. आईने केक आणला आणि आम्ही दोघींनी तो खाल्ला.

तुम्ही रोज बसस्टँडवर जाता असं ड्रायव्हरनेही सांगितलं. म्हणून लिहिते आहे. लिहू नये असं वाटतं, पण तुम्ही स्वतःला दोष देत तिथे उभे राहता हे मला सहन होत नाही.

लिंक आली नाही कारण मी ती पाठवायला लावलीच नाही. अर्जात तुमचं नाव घातलं होतं, सव्वीस तारखेला पुसलं. खाली रस्त्यावर पितळी वाजंत्री चालली होती, आणि मी ते नाव तीन वेळा घातलं आणि तीन वेळा पुसलं. तुमच्या जागी प्रयोगशाळेतल्या बाईंची सही घेतली. मजकूर माझाच होता. या वेळी 'वक्तशीर' लिहिलं नाही, शिकले आता.

डिसेंबरमध्ये मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. मुलाखत पंचेचाळीस मिनिटांची होती. त्यातली वीस मिनिटं आठव्या ठिकाणावर गेली. ती प्राध्यापिका हसायची थांबली. तिच्या बाजूचा माणूस म्हणाला, "मग बाकीचे आकडे तसे नाहीत हे आम्ही कशावरून मानायचं?" मी म्हटलं, कारण हा मी स्वतः सांगितला. त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. तेव्हाच मला कळलं. पुढची पंचवीस मिनिटं मी तळ्याबद्दल बोलत होते आणि कोणीही ऐकत नव्हतं. नंतर प्राध्यापिकेने वेगळी ईमेल पाठवली, चांगल्या मनाने पाठवली. लिहिलं होतं की आमच्याकडे आकडा बनवणं हा एकच गुन्हा असा आहे ज्यावर कोणी पुढे वाचत नाही, आणि तुमच्या मार्गदर्शकांनी हे का लिहिलं ते आम्हाला समजलं नाही.

मला समजलं होतं. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं लिहिलं असतं की नाही माहीत नाही, पण निदान मी विचारलं असतं. पण तुम्ही किती आनंदात होता, आणि मग ती नक्कल आली, आणि आईने ती माउलीमागे ठेवली. 

दुसऱ्या ठिकाणी तुमचं पत्र नव्हतं. त्यांनी कळवलं, उमेदवार चांगली आहे, पण मार्गदर्शकाने पत्र का दिलं नाही हे कळत नसल्याने समितीला पुढे जाता आलं नाही. म्हणजे ते असताना गेलं आणि नसतानाही गेलं. दुसऱ्या वेळेचं मात्र माझं मीच घालवलं.

मला राग आला होता, डॉन सेनोन. खूप आला होता. चार महिने तुमच्याशी मनात भांडत होते. आता नाही. आता काहीच वाटत नाही, आणि ते रागापेक्षा वाईट आहे. फेब्रुवारीत मला पुन्हा घेतलं आहे, त्याच तासांवर. आता अर्ज करायला कुठली जागाही नाही, त्यामुळे संध्याकाळी काय करायचं ते सुचत नाही.

तुम्ही बसस्टँडवर जाऊ नका.

मागाली

तुपिसा,
१५ जून

मागाली,

तुझं पत्र मिळून वीस दिवस झाले. आधी राग आला. तुझ्यावर, त्या तिघांवर, मग माझ्यावर, आणि तो शेवटचा काही गेला नाही. मी तुझा गुन्हेगार आहे हे साध्या शब्दांत लिहितो. क्षमा मागत नाही, कारण तू लगेच देशील.

रागाच्या भरात पहिल्या दिवशी ते पत्र पुन्हा लिहायला घेतलं. तो परिच्छेद काढून. काढल्यावर जे राहिलं ते कोणत्याही मुलीचं पत्र होतं. ते मला जमलं नाही, आणि आता जमून उपयोगही नाही.

पण वीस दिवस मी ते करत नव्हतो. जुन्या वह्या काढल्या होत्या. मी आयुष्यात नऊच शिफारसपत्रं लिहिली, नऊंच्याही नकला आहेत माझ्याकडे. सगळ्या वाचल्या. देल्फिना तितिचोकाबद्दल मी लिहिलं आहे की तिला गणित येत नव्हतं आणि ते तिने पंचविसाव्या वर्षी लहान पोरांच्या पुस्तकांतून शिकून घेतलं. फेर्मीन लासार्तेबद्दल लिहिलं आहे की पहिल्या वर्षी त्याने घाईत एक भट्टी फोडली आणि त्यानंतर ती घाई तो रोज सकाळी स्वतःशी भांडून आवरतो. अशीच सगळी. प्रत्येकात त्या पोराचं मी पाहिलेलं सगळ्यांत खरं जे होतं ते लिहिलं, आणि ते दाखवायला आधी त्याची खोट लिहिली.

नऊंपैकी एकही पोर बाहेर शिकायला गेलं नाही. एकही. केक आणि कोकरू घेऊन आलेले, ज्यांना मी दारातून हाकललं, त्यातले चार जण पीएचडी करून डॉक्टर झाले. एक दर नव्या वर्षाला मला कॅलेंडर पाठवतो. मला वाटायचं नशीब, वशिला, आपल्या देशाचं हे असंच. माझ्या पोरांना कोणी पत्रं दाखवली नव्हती, त्यांनाही वाटलं असेल आपलंच कमी पडलं.

फेर्मीन सगळ्यांत हुशार होता, तुझ्याहूनही. तीन वर्षं अर्ज करत होता, तिन्ही वेळा माझं पत्र. मग थांबला. त्याच्या लग्नात मी ग्लास हातात घेऊन भर मांडवात सगळ्यांसमोर म्हणालो, "या मुलात सगळं आहे, फक्त चिकाटी नाही." लोक हसले. त्याची बायको खाली बघत होती. तो उठला आणि माझा ग्लास पुन्हा भरला.

विल्यासोनला मिनीबस चालवतो असं ऐकलं होतं, पण ते जुनं झालं. त्याच्या वर्गातलं कोणी तुझ्या विभागात असेल. त्याचा पत्ता मिळतो का बघ आणि ताबडतोब कळव.

सेनोन